वाचकांचे प्रश्न : थांबलेले मशीन आणि आत गेलेला हात

मशीनच्या देखभाल-दुरुस्तीच्या वेळी हाताला होणाऱ्या दुखापतींविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची आणि कारखान्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी पॅकिंग लाईनवर फिटर आहे. खोके पुढे ढकलणाऱ्या पुशरसमोर एक खोका तिरका होऊन अडकला. मी इमर्जन्सी स्टॉप दाबला, मशीन पूर्ण थांबल्याचे पाहिले, गार्ड उघडला आणि खोका ओढून काढला. त्याच क्षणी पुशर पुढे आला आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटे चिरडली. चौकशी अहवालात ‘कामगाराचे दुर्लक्ष’ एवढेच कारण लिहिले आहे. बटण दाबलेले असताना पुशर हललाच कसा, आणि यात माझी चूक नेमकी कोणती?
— एक फिटर

उत्तर : मशीन थांबले आहे हे आपण पाहिले; ते कशामुळे थांबले आहे हे पाहायचे राहिले. आपला पुशर बटणामुळे थांबलेला नव्हता, तो खोक्याने अडवून धरलेला होता. इमर्जन्सी स्टॉप मोटरचा आणि कंट्रोलचा पुरवठा तोडतो, परंतु सिलिंडरमध्ये भरलेली हवा तो सोडून देतोच असे नाही. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह असेल तर वीज गेल्यावरही तो शेवटच्या स्थितीतच राहतो आणि दट्ट्यामागचा दाब तसाच टिकून राहतो. ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ६ बार दाब एवढे साधे उदाहरण घेतले, तरी दट्ट्यामागे सुमारे १२० किलो वजनाइतका रेटा येतो. आपण खोका ओढलात तेव्हा या रेट्यासमोरचा एकमेव अडसर आपल्याच हाताने दूर झाला.

वीज तोडली म्हणजे मशीन निर्जीव झाले, ही समजूत मेंटेनन्सच्या कामात सर्वांत महाग पडते. मशीनमध्ये ऊर्जा अनेक ठिकाणी दडून राहते. हवेच्या लाईनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला तरी त्याच्या पुढच्या नळीत, टाकीत आणि सिलिंडरमध्ये दाब शिल्लक असतो. हायड्रॉलिक यंत्रणेत पंप बंद असला तरी ॲक्युम्युलेटर (दाबाखालचे तेल साठवणारी टाकी) भरलेला असतो. पॉवर प्रेसचे फ्लायव्हील (जड चाक) मोटर बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहते, आणि तेवढ्यात क्लच गुंतला तर स्लाइडचा (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाचा) एक पूर्ण फटका खाली येऊ शकतो. वर उचललेला कोणताही जड भाग ही गुरुत्वाकर्षणाने भरून ठेवलेली ऊर्जाच असते. म्हणून स्लाइडखाली काम करताना सेफ्टी ब्लॉक (स्लाइडला खालून आधार देणारा ठोकळा) लावावा लागतो, केवळ ब्रेकच्या भरवशावर हात घालता येत नाही. ताणलेली स्प्रिंग, अडकून ताणावर राहिलेली चेन, ड्राइव्हच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार या साऱ्यांची गणती यातच होते. कपॅसिटरसाठी किती मिनिटे थांबायचे ते ड्राइव्हच्या झाकणावर बहुधा छापलेले असते, पण झाकण उघडण्याच्या घाईत ते वाचणारा विरळाच. हा झटका जीवघेणाही ठरू शकतो, आणि झटका लहान असला तरी दचकून मागे घेतलेला हात पत्र्याच्या धारेवर आपटून इजा होते.

या यादीत एक गोष्ट मी स्वानुभवाने जोडतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पंख्याची मोटर काढण्यापूर्वी मी मेन स्विचला कुलूप लावले होते, किल्ली माझ्या खिशात होती आणि व्होल्टेज नसल्याची खात्रीही केली होती. त्यानंतर पुली हलकी फिरते का हे पाहण्यासाठी मी व्ही-बेल्ट एका हाताने ओढला आणि दुसऱ्या हाताचे बोट बेल्टबरोबर पुलीच्या खाचेत गेले. नख गेले, बोट वाचले. त्या दिवशी मशीनमधली ऊर्जा माझ्याच दुसऱ्या हाताची होती. तेव्हापासून मी बेल्टला हात न लावता पुली आऱ्यांनी किंवा शाफ्टवर पान्हा लावून फिरवतो.

आता आपल्या चुकीविषयी. हात पुशरच्या मार्गात घालण्यापूर्वी हवा सोडलेली नव्हती आणि गेजवर शून्य पाहिलेले नव्हते, ही त्रुटी आहे आणि ती आपली आहे. परंतु ‘दुर्लक्ष’ हा शब्द लिहून अहवाल बंद करणे मला मान्य नाही, कारण जिथून चौकशी सुरू व्हायला हवी तिथेच तो शब्द तिला थांबवतो. त्या मशीनपाशी हवा सोडणारा आणि कुलूप लावता येणारा व्हॉल्व्ह हाताच्या अंतरावर होता का, अडकलेला खोका कसा काढायचा हे कुणी लिहून दिले होते का, गार्ड उघडल्यावर हवा आपोआप सुटेल अशी रचना का नव्हती आणि तो खोका एका शिफ्टमध्ये किती वेळा अडकत होता, हे चार प्रश्न आपण लेखी विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘रोजच’ असे असेल, तर अपघाताचे कारण आपल्या बोटांपासून बरेच दूर, खोक्यांच्या गाईडच्या चुकीच्या सेटिंगमध्ये सापडण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : मी सुपरवायझर आहे. जाम काढण्याचे काम दोन मिनिटांचे आणि लॉकआउटची (ऊर्जा तोडून तिथे कुलूप लावण्याची) प्रक्रिया पंधरा मिनिटांची, अशी आमची अडचण आहे. प्रत्येक वेळी कुलूप लावत बसलो तर उत्पादन कसे होणार? केवळ ‘काम चालू आहे’ अशी पाटी लटकवली तर चालणार नाही का?
— एक सुपरवायझर

उत्तर : पंधरा मिनिटे कशात जातात हे आपण एकदा घड्याळ लावून पाहावे, अशी माझी विनंती आहे. कुलूप लावायला काही सेकंद लागतात. बाकीचा वेळ दूरच्या पॅनेलपर्यंत चालत जाण्यात, अनेक स्विचपैकी आपला कोणता हे शोधण्यात, कुलूप कुणाच्या कपाटात आहे याची विचारपूस करण्यात आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो जेवायला गेला असल्यास त्याची वाट पाहण्यात जातो. हा वेळ लॉकआउटच्या माथी मारणे योग्य नाही. तो मांडणीचा दोष आहे. मशीनशेजारीच आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बसवला, हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरपाशी कुलूप लावता येणारा आणि पुढची हवा सोडून देणारा व्हॉल्व्ह दिला, प्रत्येक ठिकाणी ठळक क्रमांक रंगवले आणि प्रत्येक फिटरच्या कमरेला त्याचे स्वतःचे कुलूप असले, तर लहान मशीनसाठी ही प्रक्रिया जाम काढण्याच्या कामाइतक्याच वेळात होते.

पाटीविषयी माझे मत स्पष्ट आहे. पाटी सांगते, कुलूप अडवते. अमेरिकेच्या ओशा या सुरक्षा संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केलेला आणि १९९० च्या जानेवारीपासून लागू झालेला नियम आज जगभरच्या कारखान्यांत नमुना म्हणून वापरला जातो. जिथे कुलूप लावता येते तिथे कुलूपच लावावे, आणि केवळ पाटी वापरायची असेल तर कुलपाइतकेच संरक्षण मिळत असल्याचे दाखवून द्यावे, अशी त्याची भूमिका आहे. त्या नियमातला क्रम असा आहे : कोणकोणत्या ऊर्जा आहेत हे आधी जाणून घ्यायचे, मशीन नेहमीच्या पद्धतीने थांबवायचे, प्रत्येक ऊर्जा तिच्या उगमाशी तोडायची, तिथे आपले कुलूप व टॅग लावायचा, साठलेली ऊर्जा सोडायची किंवा अडवायची, आणि शेवटी मशीन खरोखरच सुरू होत नाही याची खात्री करायची. ही शेवटची पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक वेळा गाळली जाणारी आहे. स्टार्टचे बटण दाबून पाहायला एक सेकंद लागतो, आणि चुकीच्या मशीनचा आयसोलेटर बंद केला असल्यास ते त्याच सेकंदात कळते. बटण दाबून पाहिल्यावर स्विच पुन्हा मूळ बंद स्थितीत आणायला मात्र विसरू नये. विजेच्या कामात मीटरने तपासताना मीटर आधी चालू वायरवर पाहावा, मग बंद वायरवर आणि पुन्हा चालू वायरवर. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

एका मशीनवर चार माणसे असतील तर चार कुलुपे लागतात. त्यासाठी अनेक छिद्रांचा हास्प (एकाच जागी अनेक कुलुपे अडकवता येणारी कडी) मिळतो. ‘माझ्या कुलपात सगळे आले’ हे वाक्य शिफ्ट बदलताना घातक ठरते, कारण कुलूप काढणाऱ्याला आत राहिलेला चौथा माणूस दिसत नाही. जाणाऱ्याने आपले कुलूप काढण्यापूर्वी येणाऱ्याने आपले लावलेले असावे.

आपल्या प्रश्नाला थोडी सवलतही आहे, ती लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. जे काम उत्पादन चालू असताना नेहमीचे, पुनःपुन्हा करावे लागणारे आणि उत्पादनाचाच भाग असलेले आहे, अशा किरकोळ कामासाठी दुसरे परिणामकारक संरक्षण असल्यास पूर्ण लॉकआउट न करण्याची मुभा वरील नियमात आहे. परंतु ‘दुसरे परिणामकारक संरक्षण’ म्हणजे लांब दांड्याचे हत्यार, इंटरलॉक असलेला (उघडताच मशीन थांबवणारा) गार्ड, माणसाच्या स्वतःच्या ताब्यातले नियंत्रण अशा गोष्टी होत. चपळाईचा त्यात समावेश नाही.

प्रश्न : छपाईचे रोलर पुसताना आम्ही मशीन अगदी हळू फिरवतो. कापड अडकलेच तर हात सहज मागे घेता येईल, असे जुने लोक सांगतात. ते खरे आहे का?
— एक ऑपरेटर

उत्तर : खरे नाही, आणि हिशेब आपण स्वतःच करू शकता. २०० मिलिमीटर व्यासाचा रोलर मिनिटाला ६० फेरे घेत असेल तर डोळ्यांना तो हळूच वाटतो; परंतु त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ६३ सेंटिमीटर सरकत असतो. काही तरी ओढले जात आहे हे जाणवून हात मागे घेण्याची क्रिया सुरू व्हायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात रोलरने १५ सेंटिमीटरहून अधिक आत घेतलेले असते, म्हणजे बोटांच्या टोकापासून जवळपास पूर्ण तळहात. कापड बोटांभोवती गुंडाळलेले असेल तर सोडून देण्याचा पर्यायही उरत नाही.

रोलर जिथे एकमेकांकडे फिरत आत जातात ती बाजू आणि जिथून बाहेर येतात ती बाजू, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे; पहिली हात आत ओढते, दुसरी बाहेर ढकलते. पुसण्याचे काम मशीन थांबवून, मग थोडे फिरवून, पुन्हा थांबवून करावे. फिरवण्याचे बटण असे हवे की ते दाबून धरले असेपर्यंतच रोलर फिरेल, आणि ते पुसणाऱ्याच्याच हातात हवे. एकाने पुसायचे आणि दुसऱ्याने पलीकडून बटण दाबायचे ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ‘हां’ हा एकच शब्द एकाला ‘थांब’ आणि दुसऱ्याला ‘चालू कर’ असा ऐकू जाऊ शकतो.

प्रश्न : आमच्याकडे कारखान्यात सर्वत्र हातमोजे सक्तीचे केले आहेत. ड्रिल मशीनवरही घालायचे का?
— एक प्रशिक्षणार्थी

उत्तर : नाही. ड्रिल, लेथ, फिरता शाफ्ट यांच्याजवळ हातमोजे घालू नयेत. उघड्या बोटाला ड्रिल लागले तर ते कापते. हातमोज्याला लागले तर ते गुंडाळून घेते आणि बोट, कातडी, कधी टेंडनसुद्धा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सोबत ओढते. मशीन थांबवून, कुलूप लावून ब्लेड बदलताना किंवा पत्रा उचलताना मात्र कापण्यापासून वाचवणारे हातमोजे अवश्य घालावेत. अंगठी दोन्ही वेळी घरी ठेवावी. पायरीवरून उडी मारताना खिळ्याला अडकलेली अंगठीही बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून काढते.

प्रश्न : बेल्टचे ट्रॅकिंग (बेल्ट रोलरच्या मधोमध चालेल असे सेटिंग) मशीन चालू असल्याशिवाय करताच येत नाही. मग लॉकआउटचा आग्रह धरणाऱ्यांनी आम्ही काय करावे तेही सांगावे.
— मेंटेनन्स विभागातील एक वाचक

उत्तर : आपला वैताग रास्त आहे. ट्रॅकिंग, आवाज ऐकणे, कंपन मोजणे ही कामे चालू मशीनवरच होतात. परंतु या कामांसाठी डोळे आणि कान जवळ न्यावे लागतात, हात नव्हे. ॲडजस्टिंग बोल्ट गार्डच्या बाहेर काढून घेणे, ग्रीसचे निपल नळीने बाहेर आणणे आणि ज्या ठिकाणी पाहायचे आहे तिथे पत्र्याऐवजी जाळीचा गार्ड बसवणे, ही एका दिवसाची कामे आहेत आणि त्यानंतर वर्षानुवर्षे गार्ड काढण्याची गरज पडत नाही. बेल्ट किती सरकला हे पाहण्यासाठी मशीन चालवावे, बोल्ट आत असल्यास तो फिरवण्यासाठी थांबवावे. वेळ लागतो, हे मान्य. आणि फिरत्या बेल्टवर रोलरच्या आत काठीने माती खरवडण्याचा प्रकार आपल्याकडे चालत असेल तर तो आजच बंद करावा. काठी ओढली गेली की मूठ उघडण्याआधी हातही तिच्याबरोबर जातो.

प्रश्न : आमच्या मदतनीसाने हायड्रॉलिक होजवरील बारीक गळती नेमकी कुठे आहे हे पाहण्यासाठी होजवरून बोट फिरवले. सुई टोचल्यासारखे वाटले. एक लहानसा ठिपका होता, रक्त जवळजवळ नव्हते, फारसे दुखतही नव्हते. पट्टी लावून त्याला कामावर ठेवले. रात्री बोट सुजून निळसर झाले आणि डॉक्टरांना ते कापावे लागले. एवढ्याशा ठिपक्याने असे कसे झाले? आम्ही त्या वेळी काय करायला हवे होते?
— एक शिफ्ट इंजिनियर

उत्तर : आपल्या सहकाऱ्याला जी इजा झाली ती हाताच्या शस्त्रक्रियेतील सर्वांत फसव्या इजांपैकी एक आहे. ७ बारच्या आसपासचा दाबही द्रवाला कातडीतून आत घुसवू शकतो, आणि हायड्रॉलिक लाईनमध्ये दाब १०० ते ३०० बार असणे सामान्य आहे. अशा दाबाने निघालेले तेल सुईच्या टोकाएवढ्या वाटेने आत शिरते आणि बोटातील टेंडनच्या आवरणातून तळहातापर्यंत, क्वचित मनगटाच्याही वर पसरते. बोटात मोकळी जागा फारच थोडी असते. आत गेलेल्या तेलामुळे रक्तवाहिन्या दबतात आणि तेलातील रसायने पेशी मारत जातात. सुरुवातीला वेदना कमी असणे हे या इजेचे नेहमीचे लक्षण आहे, आणि त्यामुळेच सर्वजण फसतात. रंग, थिनर आणि पेट्रोलसारखे द्रव ग्रीसपेक्षाही अधिक हानी करतात.

असा ठिपका दिसला की माणसाचे काम त्याच क्षणी थांबवावे, अंगठी आणि घड्याळ काढावे, हात वर धरावा, खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, आणि जिथे हाताची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात न्यावे. ठिपका दाबून तेल बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये, शेकू नये, बर्फही लावू नये. उघडून, धुऊन, मेलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया पहिल्या सहा तासांत झाली तर बोट वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. गळती शोधायची असेल तर होजला हात न लावता पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा लांबून फिरवावा. तेलाची रेघ त्यावर उमटते. त्याहून बरे म्हणजे दाब सोडून मग होज पाहणे.

चिरडलेल्या हाताबाबतही असाच एक फसवा काळ असतो. हाड मोडलेले नाही म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण काही तासांनी बोटे ताणली तरी असह्य कळ येते, हात टणक होतो, बधिरता येते. आतील दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असल्याची ती खूण आहे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

बोट पूर्ण तुटल्यास काय करावे, हेही याच पत्राच्या निमित्ताने सांगतो. १९६५ साली जपानमध्ये शिगेओ कोमात्सु आणि सुसुमु तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली यशस्वीपणे जोडला, तेव्हापासून अशा शस्त्रक्रिया जगभर होत आहेत. पण तुटलेला भाग चुकीच्या पद्धतीने नेल्यामुळे तो वाया जाताना दिसतो. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात वर ठेवावा. दाबूनही रक्त न थांबल्यास आणि ते जोरात वाहत असल्यासच दंडावर टूर्निके (रक्त थांबवणारा घट्ट पट्टा) लावावा आणि लावल्याची वेळ लिहावी. तुटलेले बोट सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळावे, ते पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास गोठून मरते, आणि नुसत्या पाण्यात बुडवल्यास फुगते. सामान्य तापमानाला बोट साधारण १२ तास, तर थंड ठेवल्यास २४ तासांपर्यंत जोडण्यायोग्य राहू शकते. मनगटाजवळ तुटलेल्या भागात स्नायू असल्याने हा अवधी जवळपास निम्मा होतो. बोट मशीनमध्ये अडकून राहिले असेल तर जखमीला पुढे पाठवावे आणि मागे थांबलेल्यांनी मशीनला कुलूप लावूनच ते काढावे. मशीन उलटे फिरवून काढण्याच्या घाईत दुसरा हात जाण्याचे प्रसंग घडतात.

आणखी एक गोष्ट आपल्या कपाटात आजच ठेवता येईल. वापरात असलेल्या प्रत्येक तेलाचे, ग्रीसचे आणि रंगाचे सुरक्षा माहितीपत्रक एका फाइलमध्ये लावून ती प्रथमोपचार पेटीशेजारी टांगावी. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो आत काय गेले हा, आणि दुसरा किती वाजता गेले हा. सोबत जाणाऱ्याने फाइलमधले ते पान बरोबर न्यावे आणि त्यावर पेनाने वेळ लिहावी.